पेंगूनं 'टेकव' म्हटलं नाही

शेवटच्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई आल्या तेव्हा मी पेंगूच्या कानाशी वाकून हाका मारत होतो. पेंगू, ए पेंगू, डोळे उघड, बाई आल्यात. उजव्या कानाशी वाकलो होतो, कारण डाव्यानं तिला कमी ऐकू यायचं. बाईंनी हातातला कागद खाली केला आणि मला विचारलं, "तुम्ही बहिणीला पेंगू का म्हणता?"

मी म्हटलं, "बाई, ते लहानपणापासूनचं आहे. हिच्या पापण्या अशाच, अर्ध्या मिटलेल्या. शाळेत मास्तरांना वाटायचं झोपलीय. वडिलांनी नाव पाडलं, ते चिकटलं."

"म्हणजे या तापामुळे नाही? आधीपासून अशाच आहेत?"

"सात-आठ वर्षांची होती तेव्हापासून. मावशीच्या पण अशाच होत्या. आम्ही म्हणायचो, मावशीवर गेलीय."

"मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण?"

"हो. ती आता नाही. शेवटी शेवटी तिला अजिबात ऐकू येत नव्हतं. आणि सारखी बसून असायची. दोन भांडी घासली की बसली."

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. सहा दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहिलं. "आईकडचं आणखी कोणी?"

"एक मामा होता. एकोणिसाव्या वर्षी गेला. साधाच ताप होता म्हणे. घरात सगळ्यांना आला, सगळे उठून कामाला लागले, तो पाच दिवसांत गेला."

मग बाईंनी फाईल उघडून मी भरलेला फॉर्म काढला. भरती करताना दिलेला. घराण्यात कोणाला काय आजार, अशी ओळ होती, आणि तिच्यापुढे माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. आजोबांना साखर. काकांना रक्तदाब. आत्याचे गुडघे. वडील हृदयानं गेले. बाईंनी त्याच्यावर बोट ठेवलं. "ही सगळी वडिलांकडची माणसं."

"हो."

"आईकडचं काहीच नाही लिहिलं?"

मी म्हटलं, "घराण्यातलं विचारलं होतं ना."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला तेव्हासुद्धा काही चुकलंय असं वाटलं नव्हतं बघा. आमच्यात घराणं म्हटलं की वडिलांचं. आईकडचे म्हणजे पाहुणे. त्यांचं कोण कशानं गेलं ते ऐकायचं, वाईट वाटून घ्यायचं आणि विसरायचं. फॉर्म भरताना आई माझ्या शेजारीच बाकावर बसली होती. तीही बोलली नाही. जन्मात तिला तिच्या माणसांबद्दल कोणी विचारलं नव्हतं, तर ती कशाला मध्ये बोलेल. दोन वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी हेच विचारलं होतं, पेंगूला सारखा थकवा येतो म्हणून गेलो होतो तेव्हा. घरात असं कोणाला? मी जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. कोणाला नाही साहेब, हीच एक आळशी निपजली. डॉक्टर हसले. पेंगूपण हसली.

बाई उठून फोन करायला गेल्या. मग नर्स आली आणि पेंगूचं आणखी रक्त काढून घेऊन गेली. कुठल्या तरी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचं होतं, आठवडे लागतात म्हणाली.

दुपारी पेंगू जरा जागी झाली. पलंग खिडकीला लागून होता आणि तिचा हात खिडकीच्या चौकटीवर पडला होता. मला म्हणाली, "दादा, खडखडतेय."

"काय खडखडतंय?"

"काच. लांबी सुटलीय तिची."

मी कान लावला, मला काही ऐकू येईना. मग बोट लावलं तर खरंच, वाऱ्यानं काच बारीक हलत होती. कुठल्या शहाण्यानं बसवली होती कुणास ठाऊक, काच पक्की धरणारी लांबी पार सुकून पडलेली. आता तिथे दुरुस्त काय करणार. गोळ्यांच्या पाकिटाचा पुठ्ठा घडी करून फटीत सारला. म्हटलं, "आता?"

तिनं हात तसाच ठेवून बघितलं. "हं," म्हणाली.

तेवढंच. पावणेचारला गेली. एकेचाळीस पूर्ण नव्हती.

ज्याला त्याला वाटतं, असा कसा ताप, आम्हाला पण आला होता, चार दिवसांत गेला. बाजारात अजून विचारतात. म्हणून हे सगळं लिहितोय. मावशीच्या मुलींनी तर नक्की वाचावं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, चुका होतील.

आमचं काचेचं दुकान. खिडक्या, आरसे, कपाटाची दारं, फोटोच्या फ्रेमा. वडिलांनी सुरू केलं. मी चौदाव्या वर्षी लागलो, पेंगू माझ्यामागून चार वर्षांनी. मोठी काच एकट्यानं उचलता येत नाही, दोन टोकांना दोघं लागतात. पाऊल जुळावं लागतं, नाहीतर काच मध्ये वाकते आणि गेली. तर वडिलांचा एकच नियम होता. ज्याचा हात आधी भरून येईल त्यानं 'टेकव' म्हणायचं, आणि दुसऱ्यानं जिथे असेल तिथे काच खाली टेकवायची. का म्हणून विचारायचं नाही. वडील म्हणायचे, काचेच्या दोन टोकांना मानपान नसतो, मालक असो की नोकर, टेकव आलं की टेकव. नियम चांगलाच होता. पण त्याच तोंडानं ते पेंगूला टोमणा मारायचे. "तुझी आई अकरा वर्षं माझ्या दुसऱ्या टोकाला होती. तू पोटात होतीस तेव्हा दोन जिने चढली. एकदा टेकव म्हणाली नाही. आणि तू बघ."

पेंगू म्हणायची, "बाबा, मी पोटात होते ना, मीच आतून धरली असेल काच. म्हणून आता दमले."

वडील हसायचे, पण टोमणा सोडायचे नाहीत. ते गेल्यावर मी त्यांचं दुकान घेतलं आणि टोमणापण घेतला.

पेंगू उचलायला कमी होती, पण कापायला तिच्यासारखं कोणी नव्हतं. काच कापायची हिरकणी एकदा ओढायची, पुन्हा नाही. आम्ही आवाजावर सांगतो ओढ नीट बसली की नाही. तिला आवाज नीट ऐकू यायचा नाही, ती डाव्या हाताचा तळवा काचेवर ठेवायची आणि हातानं ऐकायची. माझी काच तुटली असेल, तिची तुटलेली मी पाहिली नाही. गिऱ्हाईक माप विसरलं तर हिच्या डोक्यात सहा महिन्यांपूर्वीचं माप असायचं. "तुमच्या न्हाणीघराची खिडकी ना? डावीकडे दोन सूत तिरकी आहे, भिंतच तिरकी आहे तुमची." गिऱ्हाईक चाट पडायचं. म्हणायचं, ही तर झोपली होती ना आत्ता. पेंगू पापण्या न उचलताच म्हणायची, "झोपेत कापली तरी सरळ येते माझी, तुम्ही भिंत सरळ करा."

ती बसायची एका उंच तिपाईवर, कापायच्या टेबलाच्या कोपऱ्याला. येता जाता बसायची. मी म्हणायचो, तिपाईला मुळं फुटतील.

लग्न केलं, चार वर्षं नांदली. नवऱ्याचं म्हणणं, ही सारखी पडून असते, साधी सर्दी हिला पंधरा दिवस पुरते. ते खरंच होतं. घरात एकच खोकला सगळ्यांना यायचा आणि पेंगूकडे मुक्काम करायचा. शेवटी नवरा दुसरीकडे घर करून बसला आणि ही मुलीला घेऊन आमच्याकडे आली. माझी भाची आता चौदाची आहे. तिखट आहे. आई झोपाळू म्हणून हिनं दोघींचं बोलून घ्यायचं ठरवलेलं दिसतं.

आता तो आठवडा सांगतो. तो सांगायला हात पुढे जात नाही, पण सांगतो.

सगळ्या बाजारात तापाची साथ होती. मला आला, दोन दिवस अंग दुखलं, मी दुकान बंद केलं नाही. सोमवारी पेंगूला आला. एका शिवणाच्या कारखान्यात खिडक्या बसवायचं काम घेतलेलं होतं, दुसऱ्या मजल्यावर. मंगळवारी पहिली काच नेली. पेंगूनं जिन्यात चारदा टेकव म्हटलं. वर कारखान्याचा मुकादम उभा होता, तो म्हणाला, काय हो, संध्याकाळपर्यंत पोचणार का? आणि मी, तिच्यासमोर, हसत हसत म्हटलं, "काचेपेक्षा आमची पेंगूच नाजूक आहे. हिला वेष्टनात गुंडाळून आणायला पाहिजे." मुकादम खो खो हसला. शिवणाऱ्या बायका हसल्या. पेंगू नेहमी काहीतरी उलटून बोलायची, त्या दिवशी बोलली नाही. हातमोजे काढून पुन्हा घातले.

बुधवारी दुसरी काच. ती त्याहून मोठी. खालून उचलली, पहिला जिना चढलो, टेकव आलं नाही. मधल्या वळणावर मी वाट बघितली, नाही. दुसरा जिना. नाही. वर नेऊन भिंतीला लावली आणि मी खूश होऊन म्हटलं, "शाबास! आज कशी आईवर गेलीस."

तिचे ओठ पांढरे झाले होते. ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसली ती दोन तास उठली नाही. शिवणाऱ्या बाईनं पाणी दिलं, ते तिच्या हातातून सांडलं. मी म्हटलं, थांब, मी एकटा लांबी भरतो. म्हणजे मला किती कळत होतं बघा, मी तिला सवलत देत होतो.

गुरुवारी उठलीच नाही. आई म्हणाली, तापात झोपलेलं बरं. मी म्हटलं, मला नाही का आला होता. शुक्रवारी श्वास वर लागला तेव्हा नेली. नंतर बाई म्हणाल्या, पहिल्या दिवशी आणली असती तर. पुढचं मी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी रक्ताचा कागद आला. बाईंनी आम्हाला बोलावलं. मी, आई आणि भाची गेलो. बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि आम्हाला कळेल असं सांगितलं. शरीराच्या कणाकणात बारीक बारीक शेगड्या असतात म्हणे. आपण खातो त्याची ताकद त्यांच्यावर होते. शरीराचं सगळं कसं चालायचं त्याचा एक मोठा लेख असतो, तो आईबापांचा मिळून. पण या शेगड्यांचा स्वतःचा एक छोटा लेख असतो वेगळा, आणि तो फक्त आईकडून येतो. बापाचं त्यात काही नसतं. पेंगूच्या त्या लेखात एक अक्षर वेगळं होतं. त्यामुळे शेगड्या मंद. म्हणून पापण्या, म्हणून कान, म्हणून जिन्यात दम.

भाचीनं विचारलं, "मग ताप कसा वाढला? ताप तर सगळ्यांना आला होता."

बाई म्हणाल्या, "रोगाशी लढणाऱ्या पेशींनासुद्धा ताकद त्याच शेगड्यांवरून मिळते. कोणाच्या लढणाऱ्या पेशी कमी पडतात. कोणाच्या उलट भडकतात आणि थांबायचं त्यांना कळत नाही, रोगाबरोबर घरपण जाळतात. या छोट्या लेखातल्या फरकानं हे बदलतं. एकाच तापात एक जण दोन दिवसांत उठतो, एक जण उठत नाही, त्याची ही एक बाजू आहे. हेच एक कारण होतं असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगणार. ज्यांच्यात असलं काही नसतं तेसुद्धा या तापात गेलेत. पण तुझ्या आईनं तो जिना चढायला नको होता, एवढं मी सांगते."

जिन्याचं मीच त्यांना सांगितलं होतं.

मी म्हटलं, "मग मला कसं काही नाही? माझी आई तीच."

"तुमच्यातही असेल, थोडं असेल. शेगड्या पुष्कळ असतात, कोणाच्या वाटणीला किती बिघडलेल्या जातात ते सांगता येत नाही. तुमच्याकडून पुढे जात नाही. बहिणीकडून जातं." आणि त्यांनी भाचीकडे बघितलं. "हिचं रक्त तपासायचं. आजींचंही. कळलं की सोपं आहे. ताप आला की पहिल्या दिवशी माझ्याकडे, उपाशी ठेवायचं नाही, दमवायचं नाही, आणि काही औषधं आहेत ती द्यायची नाहीत. कळलंच नाही तर मात्र पुन्हा पाचव्या दिवशी आणाल."

मग आई म्हणाली, "म्हणजे मी दिलं तिला."

बाई खुर्चीतून उठून तिच्याजवळ आल्या. "आजी, तुम्ही दिलं नाही. तुमच्यातून गेलं. तुम्हाला तुमच्या आईकडून आलं."

"माझी आई कशाला काढता," असं म्हणून आई पिशवी घेऊन उठली आणि चालायला लागली.

घरी आल्यावर काही केल्या ऐकेना. "मला काही झालेलं नाही. सत्तरीला आले, एक दिवस आजारी म्हणून झोपले नाही. माझ्या रक्तात काही नाही."

मी म्हटलं, "अगं, तुझ्यासाठी नाही, पोरीसाठी."

"पोरीला आत्तापासून आजारी ठरवू नका."

भाची म्हणाली, "आजी येणार असेल तरच मी जाणार."

"का गं? तुला कोण पकडून नेणार आहे?"

"मला एकटीला सुई टोचून घ्यायची नाही. आणि तुलाच भीती वाटते तर मला का नको वाटायला?"

"मला कसली भीती, कार्टे!"

"मग चल."

आई तोंड फिरवून भांडी आवरायला लागली. अशा कितीदा फेऱ्या झाल्या. बाईंची तारीख दोनदा टळली, मग त्यांनी तिसरी दिली. तिकडे भाचीच्या शाळेत पुन्हा खोकल्याची साथ सुरू झाली, तिच्या बाकावरच्या तीन मुली घरी बसल्या. ती शाळेतून आली की मी दारातच तिच्या कपाळाला हात लावायचो. ती म्हणायची, मामा, गरम नाहीये, तुझाच हात गार आहे.

दुकानात मी दोन टोकांचं काम घेणं बंद केलं होतं. फ्रेमा, लहान आरसे, एवढंच. तिपाईवर कोणी बसत नव्हतं. मी नाही, गिऱ्हाईक नाही. कोणी बसायला गेलं की मी म्हणायचो, पाय मोडलाय तिचा.

मग परवाची गोष्ट. कपाटाच्या दाराची काच ठरलेली होती, पेंगू असतानाच सांगून गेलेलं गिऱ्हाईक, त्याला नाही म्हणता येईना. काच मागच्या लाकडी घोड्यावर टेकून उभी होती, ती टेबलावर आणायची होती. बारा-पंधरा पावलं. मी एकटाच तिच्यापुढे उभा होतो, तेवढ्यात आई डबा घेऊन आली. तिनं बघितलं. डबा ठेवला आणि पदराला हात पुसले.

"धर तिकडून."

"तू राहू दे. मी कोणाला तरी बोलावतो."

"कोणाला बोलावतोस? तू रांगत होतास तेव्हापासून धरतेय मी. हातमोजे दे."

पेंगूचे हातमोजे खिळ्याला होते. तेच दिले. आईनं ते घातले, बोटं लांब झाली तिला. आम्ही काच उचलली. मी मागे चालत होतो, ती पुढे येत होती, काचेतून तिचं तोंड दिसत होतं. पाऊल तिनं बरोबर जुळवलं, इतकी वर्षं झाली तरी. पाच पावलं. सहा. सात.

"टेकव," आई म्हणाली.

मी टेकवली. खाली पुठ्ठा होता त्याच्यावर. दोघंही काच धरून तसेच उभे राहिलो. तिला धाप लागली होती. आईला धाप लागलेली मी कधी पाहिली नव्हती, किंवा तिनं दाखवली नव्हती.

म्हणाली, "तेव्हापण हात भरून यायचे रे. दर जिन्याला यायचे. तुझ्या बापाला कौतुक होतं ना माझं, मग कशी म्हणणार."

मी काच तशीच धरून ठेवली. नियमच आहे, विचारायचं नाही.

काच भिंतीला लावून ठेवली. आईनं हातमोजे काढले, एकात एक घातले, आणि पेंगूच्या तिपाईवर जाऊन बसली. मला पाय मोडलाय म्हणता आलं नाही. टेबलावर तिनं तळवा टेकवला.

मग म्हणाली, "उद्या किती वाजता यायला सांगितलंय त्या बाईंनी? पोरीला सांग, आजी येतेय म्हणावं."